पाच डॉलरांचे स्वातंत्र्य

वृत्तपत्रस्वातंत्र्याची चर्चा आपण बहुधा कायद्याच्या अंगाने करतो. त्याच्या जमाखर्चाकडे लक्ष देत नाही. अमेरिकन पत्रकार आय. एफ. स्टोन (१९०७-१९८९) यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. ते काम करीत होते ते दैनिक १९५२ मध्ये बंद पडले. मॅकार्थींच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या त्या दिवसांत या डाव्या विचारांच्या पत्रकाराला अन्यत्र नोकरी मिळणे दुरापास्त होते. तेव्हा १९५३ मध्ये त्यांनी स्वतःचेच चार पानी साप्ताहिक काढले. वार्षिक वर्गणी ५ डॉलर, आरंभीचे वर्गणीदार सुमारे ५,३००, जाहिराती नाहीत. व्यवस्था पत्नी एस्थर यांच्याकडे.

बड्यांच्या मर्जीतील बातम्यांपेक्षा त्यांचा भर सरकारी कागदपत्रांच्या वाचनावर असे. नेवाडातील १९५७ च्या भूमिगत अणुचाचणीचे हादरे २०० मैलांपलीकडे नोंदले गेले नाहीत, असे अणुऊर्जा आयोगाने जाहीर केले. स्टोन यांनी सरकारच्याच भूकंपतज्ज्ञांकडून थेट अलास्कापर्यंतच्या नोंदी मिळवल्या आणि आयोगाला आपले निवेदन दुरुस्त करावे लागले.

१९७१ मध्ये साप्ताहिक थांबले, तेव्हा त्याचा खप सुमारे ७०,००० होता. धैर्य स्टोन यांचे खरेच. पण त्याचा खर्च वर्गणीदारांनी उचलला होता. निर्भीड पत्रकारितेची अपेक्षा बाळगणाऱ्या वाचकाने आपल्या वाट्याच्या या कर्तव्याचाही विचार करावयास हवा.