डॉ. पॉल एर्लिख

कापड रंगविण्याचे रंग घेऊन शरीराचें अंतरंग शोधूं निघालेल्या डॉ. पॉल एर्लिख यांचें अल्प चरित्र आम्ही आमच्या वाचकांस सादर करीत आहों.

एर्लिख यांचा जन्म ता. १४ मार्च १८५४ रोजीं तेव्हांच्या प्रशियांतील स्ट्रेलेन या गांवीं एका ज्यू कुटुंबांत झाला. हें गांव आतां पोलंडांत आहे. वैद्यक शिकत असतांनाच कोणता रंग शरीरांतील कोणत्या पेशीस धरतो, याचा त्यांना ध्यास लागला. १८८२ सालीं कॉख यांनीं क्षयाचे जंतु दाखविले, तेव्हां ते रंगविण्याची अधिक चांगली रीत एर्लिख यांनींच बसविली.

१८८५ च्या सुमारास त्यांनीं प्राण्यांच्या रक्तांत रंग सोडून पाहिले. बहुतेक सर्व अवयव रंगले. मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूला त्या रंगांची ओढच नसावी, असा तर्क त्यांनीं बांधला, आणि येथें हा थोर पुरुष चुकला. त्यांचेच शिष्य गोल्डमान यांनीं १९१३ सालीं निळा रंग मेंदूभोंवतालच्या द्रवांत सोडला. या खेपेस मेंदू निळा झाला व बाकीचें शरीर कोरें राहिलें! अर्थात् मेंदू रंग घेत होता. अडवणूक वाटेंत होती. मेंदूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींस इतक्या घट्ट जडलेल्या असतात कीं, रक्तांतील विष सहसा पलीकडे जात नाहीं. पण औषधहि जात नाहीं.

याची झळ एर्लिख यांच्याच कीर्तीस लागली. १९०८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९१० सालीं जपानी सहकारी हाता यांच्या साह्यानें शोधलेलें उपदंशावरील ‘६०६’ हें औषध बाजारांत आलें. हजारों रोग्यांस गुण आला. परंतु रोग मेंदूंत शिरून ज्यांची बुद्धि ढासळली होती, त्यांस फारसा उतार पडेना. ता. २० ऑगस्ट १९१५ रोजीं एर्लिख निवर्तले.

आमच्या पालकांपैकीं कित्येकांच्या घरीं कंपवातानें हात थरथरणारे आजोबा असतील. या रोगांत मेंदूंत डोपामीन नांवाचें द्रव्य कमी पडतें. तें बाहेरून दिलें तर त्याच तटाशीं अडतें. म्हणून १९६० नंतर वैद्यांनीं युक्ति काढली: लेव्होडोपा द्यावा. हा अन्नांतील प्रथिनांच्या घटकांसारखा असल्यानें त्यांच्याच दारानें आंत शिरतो व तेथें त्याचें डोपामीन बनतें. वाटेंतच तसें होऊं नये म्हणून सोबत कार्बिडोपा देतात; तो स्वतः तट ओलांडीत नाहीं, हीच त्याची सोय! रोग समूळ जात नाहीं, परंतु हात कांहीं वर्षें तरी पुष्कळसे आवरतात.

पनवेल-कर्नाळ्याकडील रानांत सहलीस गेलेल्या मुलांस खाजकुइली पुरती ठाऊक आहे. तिच्या बियांत हाच लेव्होडोपा असतो. दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनीं तो १९३७ सालींच त्यांतून वेगळा काढला होता.