सावित्रीबाई आणि त्यांच्या मुली



३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीला हार घातला जातो. मुली नऊवारी नेसून भाषणे करतात. पहिली शाळा, पहिली शिक्षिका, अंगावर फेकलेले शेण, एवढे सर्वांना पाठ असते. मात्र अक्षरओळख झाल्यावर या बाईंनी मुलींकडून काय करून घेतले, हे क्वचितच सांगितले जाते. आपल्या इंझोरीच्या मुली आता मानोरा-कारंज्याला, काही त्याहून दूर शिकायला जातात. त्यांच्या आईवडिलांनी ही हकीकत जरूर वाचावी.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते.

शिकवणारी तयार होण्याआधी ती स्वतः कोणाच्या तरी हाताखाली तयार झालेली असते. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि आपल्याकडेही असे व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी घरी पत्नीला शिकवले. पुढे सावित्रीबाईंनी नगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. ही मंडळी प्रोटेस्टंट होती, आपल्या पंथाची नव्हती. पण त्यांचे हे ऋण आपण मोकळ्या मनाने मानले पाहिजे.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. रस्त्याने जाताना लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर बदलत. १८४९ मध्ये सासऱ्यांनी समाजाच्या दडपणाखाली दोघांना घराबाहेर काढले. तरीही १८५१ अखेर तीन शाळा आणि सुमारे १५० मुली एवढे काम वाढले होते. १८५२ साली विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते फुले दांपत्याचा सत्कार झाला.

आता मुख्य गोष्ट. या शाळेत मुक्ता साळवे नावाची एक मुलगी होती. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या मांग समाजातली, वय साधारण चौदा. तिचे शिक्षण झाले होते जेमतेम तीन वर्षांचे. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली मिशनच्या 'ज्ञानोदय' या पत्रात दोन भागांत छापून आला. मुक्ताने त्यात सुविचार किंवा पाठ केलेले उतारे लिहिले नाहीत. आपल्या लोकांवर काय काय गुदरले याची तिने एकेक करून नोंद केली. त्यांच्या जमिनी गेल्या, इमारतींच्या पायात त्यांना जिवंत पुरले गेले, बाजीरावाच्या काळात तालीमखान्यासमोरून गेल्याबद्दल मुंडकी उडवली गेली. अंगावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हालही तिने लिहिले. ज्या धर्माचा ग्रंथ वाचण्याची आपल्याला मनाई आहे तो धर्म आपला कसा, असा थेट सवाल तिने शास्त्री-पंडितांना केला. एवढ्यावर ती थांबली नाही. पीडितच एकमेकांना कमी लेखतात हेही तिने झाकून ठेवले नाही, आणि शेवटी आपल्या माणसांना अभ्यास करण्याची विनवणी केली.

संशोधन हा शब्द आपल्याला फार मोठा वाटतो. पण आपल्या लोकांची स्थिती डोळे उघडे ठेवून तपासणे, कारणे शोधणे आणि चारचौघांसमोर नावानिशी मांडणे, याला दुसरे काय म्हणावे? मुलीला वाचायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. तिच्या नावाने छापू देणारे आजही थोडेच. हा निबंध बाईंनी स्वतःच्या नावावर छापला असता तर कोणाला आश्चर्यही वाटले नसते.

याच सुमारास, १८५१ मध्ये, अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी मर्टिला मायनर या गोऱ्या बाईने कृष्णवर्णीय मुलींना शिक्षिका बनवण्यासाठी शाळा काढली. तिलाही दगड खावे लागले. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. जोतीरावांना मात्र तिकडच्या लढ्याची चांगली जाण होती. १८७३ साली निघालेले 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी, निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले.

पुढची वर्षे कामाची आणि कष्टाची. १८५६ साली आजारपणात सावित्रीबाई माहेरी गेल्या, तेव्हा त्यांनी पतीला पत्र लिहिले. त्यात शाळेचा भार सांभाळणाऱ्या फातिमाची काळजी आहे आणि अस्पृश्यांना शिकवण्यावरून बोल लावणाऱ्या भावाला दिलेल्या उत्तराची हकीकतही आहे. १८६३ मध्ये या दांपत्याने घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि फसलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेऊन डॉक्टर केले. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी अन्नछत्रे चालवली. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे त्यांनी स्वतः धरले. त्या काळी बाईने असे करणे ही अजबच गोष्ट होती. १८९३ साली सासवडला सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. यशवंतने गावाबाहेर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या वेळी आपल्या विदर्भात उमरेडची एक महार समाजातील मुलगी पाच वर्षांची होती. जाईबाई तिचे नाव. दुष्काळामुळे तिचे घरचे लोक नागपूरला आले होते. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती हमालीचे ओझे वाहू लागली. ग्रेगरी नावाच्या मिशनच्या सिस्टरने या हमालबाईला दरमहा चार रुपयांवर शाळेत शिक्षिका म्हणून घेतले. बाई अस्पृश्य आहे हे कळताच पालकांनी मुले पाठवायचे बंद केले आणि तिची नोकरी गेली. १९२२ साली जाईबाई चौधरी यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने स्वतःची मुलींची शाळा काढली.