उत्पल दत्त : मिनर्व्हाचे सूत्रधार

‘गोलमाल’मध्ये मिशीवरून माणसाची पारख करणारे भवानीशंकर महाराष्ट्राला चांगले परिचित आहेत. ती भूमिका करणारे उत्पल दत्त (१९२९–१९९३) मुळात कोलकात्याचे नाट्यनिर्माते होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजीचे अध्ययन केलेल्या दत्तांनी जेफ्री केंडल यांच्या फिरत्या नाटकमंडळीत शेक्सपिअरच्या भूमिका केल्या. काही काळ शाळेत इंग्रजीही शिकविले. परंतु इंग्रजी नाटकांचा प्रेक्षक मूठभर. त्यांचा ‘लिटल थिएटर ग्रुप’ बंगालीकडे वळला आणि १९५९ मध्ये त्यांनी मिनर्व्हा नाट्यगृह चालविण्यास घेतले. ‘अंगार’ या नाटकात कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी तापस सेनांनी निव्वळ प्रकाशयोजनेतून रंगमंचावर उभे केले होते.

१९६५ चे ‘कल्लोल’ तर मुंबईचेच नाटक म्हणावे! १९४६ च्या नौसैनिकांच्या उठावावर ते बेतले होते. वृत्तपत्रांनी त्याच्या जाहिराती नाकारल्या. दत्तांना खटल्याविनाच कित्येक महिने तुरुंगात ठेवण्यात आले. प्रयोग मात्र थांबले नाहीत.

मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’ने (१९६९) त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पुढे हिंदी चित्रपटांत त्यांनी विनोदी भूमिका केल्या, खलनायकही रंगविले. त्यांतल्या कित्येक सामान्यच होत्या. त्या मिळकतीवर कोलकात्यातील नाटकाचा संसार चालत असे. ‘पीपल्स लिटल थिएटर’ या आपल्या नव्या संस्थेसाठी ते अखेरपर्यंत लिहीत आणि नाटके बसवीत राहिले.