मामाची चौकशी

बँकेच्या नोकरीतली काही वर्षे मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात काढली. वैनगंगेकाठचा एक शेतकरी धानासाठी पीककर्ज मागायला आला होता. बोलता बोलता त्याने घरचे गाऱ्हाणे सांगितले. चौदा वर्षांच्या मुलाला अधूनमधून काळ्या चहासारखी लघवी होई आणि हल्ली हाक मारली तरी ऐकू जात नसे. शाळेने त्याला ढ ठरवले होते. मुलाचा मामाही असाच बहिरा होऊन, अंग सुजून ऐन पंचविशीत गेला होता. मी ऐकले, अर्जावर सही केली आणि विसरलो.

निवृत्तीनंतर एका कादंबरीसाठी वैद्यकाची पुस्तके चाळताना आर्थर सेसिल अल्पोर्ट हे नाव भेटले आणि तो शेतकरी डोळ्यांसमोर उभा राहिला.

अल्पोर्ट यांचा जन्म १८८०चा, दक्षिण आफ्रिकेतल्या बोफोर्ट वेस्ट गावचा. १९०५ मध्ये एडिंबरोहून डॉक्टर होऊन त्यांनी जोहान्सबर्गला दवाखाना थाटला. पहिल्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. मॅसिडोनियाच्या आघाडीवर गेले आणि १९१९ मध्ये हिवतापावर पुस्तक लिहिले. गडचिरोलीकरांना एवढ्यावरूनही हा माणूस आपला वाटावा.

पुढे लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात एक कुटुंब त्यांच्या पाहण्यात आले. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लघवीतून रक्त जाई. आधीच्या डॉक्टरांनीही त्याची नोंद केली होती. अल्पोर्ट यांनी कानांचीही चौकशी केली. रक्त आणि बहिरेपणा ही एकाच आजाराची दोन टोके आहेत, त्यात पुरुष तरुणपणी दगावतात आणि बायका म्हातारपण पाहतात, हे त्यांनी १९२७ मध्ये मांडले.

१९३७ मध्ये ते कैरोला प्राध्यापक म्हणून गेले. तिथल्या रुग्णालयांत गरिबांची होणारी हेळसांड त्यांना सोसवली नाही. ते भांडले, नोकरी सोडली आणि १९४६ मध्ये त्यावर पुस्तक छापले. १९५९ मध्ये ते वारले. आजाराला त्यांचे नाव मिळाले ते १९६१ मध्ये.

कारण कळायला १९९० उजाडले. मूत्रपिंडाच्या गाळणीत आणि आतल्या कानात लागणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. बहुतेक घरांत तो आईकडून मुलाकडे येतो. म्हणून मामाची चौकशी महत्त्वाची. मुलींनाही त्रास होऊ शकतो. आईच्या लघवीतही डोळ्यांना न दिसणारे रक्त असू शकते. तेव्हा ती मूत्रपिंड द्यायला निघाली, तर आधी तिचीच नीट तपासणी हवी.

आपल्या भागात सिकलसेलमुळेही लघवीत रक्त येते. म्हणून अंदाज बांधू नये. लघवी, रक्तदाब, कान आणि डोळे तपासावेत. गरज पडल्यास मूत्रपिंडाचा तुकडा किंवा जनुक तपासतात. आजार मुळातून जात नाही. मात्र रामिप्रिलसारखी रक्तदाबाची औषधे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वेळेवर सुरू झाली, तर मूत्रपिंड निकामी होणे काही वर्षे लांबते. दहावी-बारावीच्या मुलाला ही वर्षे केवढी मोलाची!

त्या मुलाला हाच आजार होता, असे मी म्हणत नाही. पण चौकशी करायला हवी होती. कर्ज वेळेवर फिटले, हे मला बदलीनंतरही कळले. मुलाचे मात्र मी कधी विचारलेच नाही. वाचकहो, घरातल्या पोराला ऐकू कमी येत असेल, तर त्याला ढ म्हणण्याआधी त्याची लघवी तपासा आणि त्याच्या मामाची चौकशी करा.