उमाजी नाईक : राखणदार ते बंडखोर

भोर-वेल्हे परिसराचा इतिहास म्हटला की राजगड, तोरणा हे किल्ले आपणास आठवतात. मात्र किल्ल्यांची आणि गावांची राखण करणाऱ्या रामोशांसारख्या समाजांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. उमाजी नाईक यांचे चरित्र समजून घेण्यासाठी प्रथम या समाजाची रीत पाहू.

गावात चोरी झाली, की पावलांचा माग काढणे हे रामोशाचे कर्तव्य असे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला, की जबाबदारी तेथील रामोशावर जाई. चोर न सापडल्यास नुकसानभरपाईही त्यालाच करावी लागे. या कामाबद्दल त्याला धान्य आणि इनाम जमीन मिळे. जेजुरीचा खंडोबा हे समाजाचे दैवत. भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडणे अशक्यच मानले जाई.

उमाजींचा जन्म १७९१ मध्ये पुरंदरच्या परिसरातील भिवडी येथे झाला. त्यांचे घराणे पुरंदरच्या राखणीचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हा हक्क हिरावला गेला. १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ल्यांवरील शिबंदी मोडली आणि अनेक रामोशांचे उपजीविकेचे साधन नाहीसे झाले. उमाजी दरोड्यांकडे वळले, तुरुंगात गेले आणि तेथेच लिहावाचावयास शिकले. १८२६ पासून त्यांनी सत्तू नाईकांसह उघड बंड पुकारले. ते मोडत नाही असे दिसताच सरकारने त्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्याच कामावर नेमले. ही तडजोड टिकली नाही. पुन्हा बंड झाले. अखेर डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळील उत्रौली येथे ते पकडले गेले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. उमाजींविषयीची बरीचशी तपशीलवार माहिती आपणास कॅप्टन मॅकिंटॉश यांच्या ग्रंथातून मिळते, आणि मॅकिंटॉश तर त्यांना पकडण्याच्या मोहिमेवरील अधिकारी होते. म्हणून त्या लेखनातील 'दरोडेखोर' हा शब्द वाचताना, राखणीचा हक्क गमावलेल्या माणसापुढे कोणते मार्ग उरले होते, हेही तपासावे लागते. त्याचबरोबर लुटीची झळ सोसलेल्या गावकऱ्यांचाही विसर पडू देऊ नये.

स्वयंअध्ययन प्रश्न : आपल्या गावात राखणीचे काम पूर्वी कोणाकडे होते? ते केव्हा व का बंद झाले? वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत टिपण लिहा.