कासरा कुणाच्या हातात?

आमच्या मुरबाडच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात सगळ्यांत वर, मेणकापडात गुंडाळून आजोबांनी ठेवलेला एक कागद आहे. कूळकायद्याच्या कलम ३२ म खाली मिळालेले जमीन खरेदीचे प्रमाणपत्र. ज्या भातखाचरांत आजोबा आणि त्यांचे वडील कूळ म्हणून राबले, सावकाराच्या घरी खंडाचे भात घालत आले, ती खाचरे या कागदाने आमची झाली. पुढे मी बँकेत अधिकारी झालो, शहापूरला काही वर्षे काढली. पीककर्जासाठी आलेल्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कलम ४३ च्या बंधनाचा शेरा दिसला, की ही जमीन कुळाला मिळालेली आहे हे न विचारता कळायचे. अशा शेऱ्यापाशी मला हमखास यशवंतराव चव्हाण आठवत. पण त्या आठवणीत आमच्या घरातले एक जुने भांडणही मिसळलेले आहे.

भांडण १९५७ चे, म्हणजे माझ्या जन्माआधीचे. पण ते मी आजोबांकडून आणि मामांकडून इतक्या वेळा ऐकले, की त्या ओटीवर मीही बसलो होतो असे वाटते.

मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई १९५२ पासून सत्तेवर होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी लोक रस्त्यावर उतरले तेव्हा नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. आंदोलनात शंभरावर माणसे गेली. मोरारजी मराठी माणसाच्या मनातून उतरले ते कायमचे. मग १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरात, विदर्भ, मराठवाडा सगळे एकत्र बांधून द्वैभाषिक राज्य झाले. मोरारजी दिल्लीला गेले आणि त्यांच्या खुर्चीवर त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव बसले. चार महिन्यांत निवडणूक. काँग्रेसची निशाणी तेव्हा बैलजोडी. मामा काँग्रेसचे, ते सायकलवरून गावोगाव फिरत आणि गाडीवान बदलला आहे, हा शेतकऱ्याचा पोर आहे, असे सांगत. आजोबांचा प्रश्न एवढाच होता की बैल तेच, जू तेच, वाटही दिल्लीने आखलेली. मग कासरा दुसऱ्याच्या हातात गेल्याने काय होणार?

प्रश्न रास्त होता. यशवंतरावांचे तोवरचे आयुष्य दोन्ही बाजूंनी साक्ष देत होते. जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्र्याचा. वडील लहानपणीच गेले. आई विठाईने कऱ्हाडला कष्ट करून मुले वाढवली. शाळेत गुरुजींनी कोण होणार म्हणून विचारले तेव्हा इतर मुलांनी थोरांची नावे लिहिली. या मुलाने स्वतःचेच नाव लिहिले. १९३२ मध्ये तुरुंगवास, ४२ मध्ये साताऱ्यात भूमिगत. आमच्या मुरबाडकडे ४२ म्हटले की सिद्धगड. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यामुळे भूमिगत राहिलेल्या माणसाविषयी आजोबांना आदरच होता.

पण १९४६ मध्ये यशवंतराव आमदार होऊन मुंबईला आले ते गृहखात्याचे संसदीय चिटणीस म्हणून, आणि गृहमंत्री होते मोरारजी. त्याच वर्षाच्या अखेरीस वारल्यांच्या लढ्यात उतरलेल्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांना गृहखात्याने ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. डहाणू-तलासरीचा तो भाग आता पालघर जिल्ह्यात गेला असला तरी तेव्हा आमचाच होता, आणि ही आठवण आमच्या आदिवासी पाड्यांवर ताजी होती. १९५२ नंतर यशवंतराव मोरारजींच्या मंत्रिमंडळात पुरवठामंत्री झाले. १९५५ च्या अखेरीस फलटणला त्यांनी जाहीरपणे सांगून टाकले की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांतून एक निवडायचे झाले तर ते नेहरूंच्या बाजूने उभे राहतील. शेजारच्या रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. यशवंतरावांनी काही सोडले नाही. द्वैभाषिकाच्या नेतेपदासाठी त्यांनी भाऊसाहेब हिऱ्यांना ३३३ विरुद्ध १११ मतांनी हरवले, तेही मोरारजींच्या पाठबळावर. एवढे सगळे माहीत असताना हा माणूस वेगळा आहे असे कोण मानणार?

कुणी मानलेही नाही. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला लोळवले. हद्दपार झालेले शामराव परुळेकर ठाण्याहून लोकसभेवर निवडून गेले. खुद्द यशवंतराव कऱ्हाडला काठावर वाचले. सरकार टिकले ते गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या आमदारांवर. आजोबांचे मत समितीला गेले, आणि मामा दोन महिने आमच्या ओटीवर फिरकले नाहीत.

वेगळेपण दिसले ते मतपेट्या उघडून गेल्यानंतर. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू येणार होते. समितीने निदर्शने जाहीर केली. मोरारजींच्या पद्धतीने जायचे तर जमावबंदी, लाठ्या, मग पुढचे. यशवंतरावांनी निदर्शनांना वाव दिला. वाटेवर हजारो माणसे काळे झेंडे घेऊन उभी राहिली, समितीच्या पुढाऱ्यांनी शिस्त राखली, पोलिसांनी हात आवरला. गोळी सुटली नाही. पंतप्रधानांच्या मोटारीच्या काचेतून महाराष्ट्राचे मन दिसले. कोणत्याही भाषणाने झाले नसते ते काम त्या रस्त्याने केले, असे मला वाटते. पुढची दोन वर्षे यशवंतराव दिल्लीत आवाज न चढवता द्वैभाषिक चालत नसल्याचे पटवत राहिले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार राहून गेले, ही बोच आहेच.

या सगळ्यात मोरारजींवर जाहीर टीका मात्र त्यांनी केली नाही. मामांना हे शहाणपण वाटे, आजोबांना कातडीबचाव. मी इतकी वर्षे नोकरी केली. आधीच्या मॅनेजरला नावे न ठेवता त्याचे निर्णय फिरवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्याला शिव्या देत त्याचाच कित्ता गिरवणारीही. त्यामुळे माझे मत मामांकडे झुकते.

तरी सगळे बदलले असेही नाही. मोरारजींची दारूबंदी यशवंतरावांनी तशीच ठेवली. शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्ट्यात मोहाची फुले वेचणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांच्या झोपडीत शिरणारा पोलीस १९५५ मध्ये होता तसाच १९५९ मध्ये होता. त्या झोपड्यांपुरता कासरा कुणाच्या हातात गेला याने काडीचा फरक पडला नाही.

आणि कूळकायदा? त्याची १९५६ ची दुरुस्ती मोरारजींच्या राजवटीतली. महसूल खाते तेव्हा हिऱ्यांकडे होते. कूळ मालक होणार तो कृषक दिन १ एप्रिल १९५७, म्हणजे मतदानानंतर काही आठवड्यांनी. किंमत आकाराच्या २० ते २०० पट आणि ती हप्त्याने फेडायची सोय. मंजुरी एका साहेबाची आणि वाटप दुसऱ्याच्या कारकिर्दीत, हा प्रकार बँकेत नेहमीचा. कर्जदार ज्याच्या हातून पैसे घेतो त्याचे नाव काढतो. पण वाटपात खोट करणे सोपे असते, हेही मी जाणतो. जमीन नको असे कुळाकडून लिहून घेणारे मालक आमच्या तालुक्यातही होते. आजोबांवरही दडपण आले. त्यांनी अंगठा दिला नाही. जमीन न्यायाधिकरणापुढे ते तीनदा चालत गेले.

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. यशवंतरावांच्या सरकारने सुरू केलेल्या ई.बी.सी. सवलतीवर मी शिकलो. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. त्याच साली नोव्हेंबरात ते संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. ते अर्थमंत्री असताना १९७२ मध्ये अतिगरिबांसाठी ४ टक्के व्याजाची कर्जयोजना आली. शहापूरला तिचे अर्ज मी स्वतः भरून दिले आहेत. आणि जुलै १९७९ मध्ये लोकसभेत विरोधी पक्षनेते म्हणून यशवंतरावांनी अविश्वास ठराव मांडला, तो पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या सरकारविरुद्ध. सरकार गेले. एकेकाळच्या चिटणिसाला साहेबापुढे उभे राहायला तेहतीस वर्षे लागली. आजोबा तेव्हा हयात नव्हते. मामा होते, ते रेडिओ बंद करून गप्प बसले.

२५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव गेले. त्यांचे ‘कृष्णाकाठ’ मी दोनदा वाचले आहे. ते १९४६ पाशी, मुंबईच्या उंबरठ्यावर थांबते. ‘सागरकाठ’ आणि ‘यमुनाकाठ’ लिहायचे त्यांच्या मनात होते, ते राहिले. मोरारजींच्या हाताखालची वर्षे त्यांना स्वतःला कशी वाटली, हे त्यांच्या लेखणीतून सविस्तर यायचे ते तिथेच अडले.

ट्रंकेतल्या कागदावर न्यायाधिकरणाचा शिक्का आहे, गट आणि आकार आहे, आजोबांचे नाव आहे. मुख्यमंत्र्याचे नाव अर्थातच नाही. १९६२ च्या निवडणुकीला मामा पुन्हा सायकलवरून आले होते. आजोबांनी त्यांना चहा पाजला, मतदानाला गेले आणि मत कुणाला दिले ते आजीलासुद्धा सांगितले नाही.