एका गोळीच्या दोन बाजू उलगडणारा संशोधक : बर्नार्ड ब्रॉडी

नागपूरच्या दक्षिणेस असलेले बेसा हे एकेकाळी शेतशिवाराचे गाव होते. आज तेथे वसाहती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्या सोबतीने औषधांची दुकानेही आली आहेत. अंगात कणकण जाणवली, डोके ठणकू लागले की अशा दुकानात बहुधा सर्वप्रथम मागितली जाते ती पॅरासिटामॉलची गोळी. डॉक्टरांची चिठ्ठीही त्यासाठी कुणी शोधत नाही. या गोळीचा घरोघरी जाण्याचा मार्ग ज्याच्या संशोधनाने मोकळा झाला आणि हीच गोळी अतिप्रमाणात पोटात गेल्यास यकृताचा घात कसा करते, हेही ज्याच्या प्रयोगशाळेने पांढऱ्या उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, तो माणूस एकच होता. बर्नार्ड बेरिल ब्रॉडी हे त्याचे नाव. औषधांचे शरीरात काय होते, या प्रश्नाला शास्त्राचे रूप देणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

ब्रॉडी यांचा जन्म ७ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. बालपण मात्र कॅनडातील ओटावा शहरात गेले. शाळेत त्यांचे मन रमले नाही. शिक्षण अर्धवट टाकून ते कॅनडाच्या लष्कराच्या संदेशवहन दलात दाखल झाले, तेथे मुष्टियुद्धात त्यांनी नाव कमावले आणि पत्त्यांच्या डावांत जिंकलेला पैसा गाठीशी बांधून मॅकगिल विद्यापीठाची वाट धरली. असा मुलगा आपल्याकडे एखाद्या घरात निपजला असता, तर वडीलधाऱ्यांनी त्याच्यापुढे हात टेकले असते. मॅकगिलमध्येही सुरुवातीची वर्षे यथातथाच गेली. अखेरच्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांना आपल्या प्रयोगात मदतीला घेतले आणि या तरुणाला आपली वाट सापडली. १९३१ मध्ये पदवी आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. ते रसायनशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हते. त्यांच्या पुढच्या कामाची सारी धाटणी या एका गोष्टीत आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट घेतले आणि दोस्त राष्ट्रांना कोयनेल मिळेनासे झाले. पर्यायी औषध होते अ‍ॅटाब्रिन. पण ते घेणाऱ्या सैनिकांची कातडी पिवळी पडे, उलट्या होत आणि हिवताप पुरेसा आटोक्यात येत नसे. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात जेम्स शॅनन यांच्या हाताखाली ब्रॉडी यांनी रक्तातील या औषधाचे प्रमाण मोजण्याची पद्धत बसवली. औषधाचा मोठा वाटा शरीराच्या पेशींत जाऊन बसतो आणि रक्तात फारच थोडा उरतो, असे आढळले. त्यामुळे आरंभी मोठी मात्रा आणि नंतर लहान मात्रा, असा क्रम ठरवता आला. रुग्णाने किती गिळले यापेक्षा रक्तात किती उतरले हे महत्त्वाचे, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

१९४६ मध्ये जुलियस अ‍ॅक्सेलरॉड नावाचा चौतिशीतील रसायनतज्ज्ञ ब्रॉडी यांच्याकडे आला. वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारलेला, प्रयोगशाळेतील स्फोटात एक डोळा गमावलेला हा माणूस. वेदनाशामक म्हणून तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅसिटॅनिलाइडमुळे काहींच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होत होती; त्याचे कारण या दोघांना शोधायचे होते. अपायाचे मूळ त्या औषधापासून शरीरात तयार होणाऱ्या अ‍ॅनिलिनशी जोडलेले निघाले आणि वेदना शमवणारा खरा पदार्थ वेगळाच असल्याचे दिसले. तो होता पॅरासिटामॉल. प्रयोगशाळेत तो एकोणिसाव्या शतकातच तयार झाला होता, पण एका चुकीच्या निष्कर्षामुळे अडगळीत पडला होता. १९४८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पुढील आठ-दहा वर्षांत ही गोळी अमेरिका व ब्रिटनच्या बाजारात आली. अर्थात, या दोघांनी पाहिले होते ते रक्त. यकृताकडे पाहण्याचे तेव्हा काही कारणच नव्हते.

पुढे ब्रॉडी बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले आणि तेथील रासायनिक औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. ते दिवस चढल्यावर उठत, दुपारी कामावर येत आणि रात्री उशिरापर्यंत सहकाऱ्यांना दूरध्वनीवरून नव्या कल्पना ऐकवत. या कल्पकतेची झळ कधी कधी जवळच्यांनाच बसे. औषधांचे रूपांतर घडवणारी यकृतातील विकरे अ‍ॅक्सेलरॉड यांनी शोधली. पण त्या श्रेयावरून दोघांत दुरावा आला आणि शिष्य वेगळा झाला. १९६७ मध्ये ब्रॉडी यांना लास्कर पारितोषिक मिळाले, १९७० चे नोबेल मात्र अ‍ॅक्सेलरॉड यांना. गुरूच्या पदरी ते कधीच पडले नाही. नोबेल मिळाले ते मज्जासंस्थेवरील वेगळ्या कामासाठी, हे खरे. तरीही ही सल छोटी नसावी.

आपल्याला जवळचा असा एक धागाही याच काळातला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. तिच्यापासून वेगळे केलेले रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा करते, हे १९५५ मध्ये ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले.

प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, याची जाण ब्रॉडी यांना इतरांपेक्षा अधिक होती. हेक्सोबार्बिटाल हे झोपेचे औषध दिले असता लहान उंदीर सुमारे १२ मिनिटांत जागा होई, ससा ४९ मिनिटांत, मोठ्या जातीचा उंदीर दीड तासात. कुत्रा मात्र निम्मी मात्रा देऊनही पाच तासांहून अधिक वेळ निपचित पडे. फरक मेंदूत नव्हता. प्रत्येकाचे यकृत औषध किती वेगाने निकामी करते, त्यात होता.

ही दृष्टी पॅरासिटामॉलच्या कोड्यात कामी आली. १९६६ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी या गोळीच्या अतिसेवनाने यकृत नष्ट झालेल्या रुग्णांची नोंद केली. कॅनडातील संशोधकांना त्याच वर्षी उंदरांतही तेच आढळले. गंमत अशी, की दवाखान्यातील मात्रेत इतके निरुपद्रवी असलेले औषध एकाएकी मारक का होते, हे कुणालाच सांगता येत नव्हते. ब्रॉडी यांची प्रयोगशाळा तेव्हा ब्रोमोबेंझिन या रसायनाने यकृत कसे जळते याचा माग काढत होती. मूळ रसायन फारसे घातक नसून यकृतानेच त्यापासून बनवलेला एक तापट पदार्थ घातक असतो, असा तर्क त्यांनी १९७१ मध्ये मांडला. प्रकृतीच्या तक्रारींमुळे ब्रॉडी प्रमुखपदावरून दूर झाले होते आणि ती जबाबदारी जेम्स जिलेट यांच्याकडे आली होती. तरी जेरी मिचेल, डेव्हिड जोलो आदी तरुण सहकाऱ्यांच्या १९७३ च्या लेखमालेत ब्रॉडी सहभागी होते.

त्या प्रयोगांची रचना मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. यकृतातील विकरे वाढवणारे फेनोबार्बिटाल उंदरांना आधी दिले, तर पॅरासिटामॉलची इजा वाढे. विकरांना रोखणारे द्रव्य दिले, तर ती टळे. म्हणजे दोष मूळ गोळीचा नव्हता, तिच्या रूपांतराचा होता. किरणोत्सर्गी खूण केलेले औषध देऊन पाहिले, तेव्हा ते यकृताच्या प्रथिनांना कायमचे चिकटलेले आढळले. पण त्यासाठी एक अट होती. यकृतातील ग्लुटाथायोन या रक्षक द्रव्याचा साठा सुमारे ७० टक्क्यांहून अधिक संपेपर्यंत काहीच बिघडत नसे. नेहमीच्या मात्रेत तयार होणारा थोडासा विषारी अंश ग्लुटाथायोन गिळून टाकते. अतिमात्रेत कोठार रिते होते आणि पेशी मरू लागतात. कोठार आधीच रिकामे केलेले उंदीर लवकर दगावत, सिस्टीन देऊन ते भरले तर वाचत.

येथून उताऱ्यापर्यंतचे अंतर फार नव्हते. एडिनबरोच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी प्रथम सिस्टीअमीन आणि नंतर १९७७ मध्ये एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन वापरून रुग्ण वाचवता येतात हे दाखवले. गोळ्या घेतल्यापासून सुमारे आठ तासांच्या आत हे औषध मिळाले तर यकृत बहुधा वाचते. कावीळ दिसेपर्यंत थांबणाऱ्याच्या हातून ती वेळ निघून गेलेली असते.

प्रत्येक औषधाला असा आज्ञाधारक उंदीर भेटत नाही. पॅरासिटामॉलच्या बाबतीतही लहान उंदीर हळवा, तर मोठ्या जातीचा उंदीर पुष्कळ सोशीक. आपल्याकडे औषधजन्य यकृतनाशात क्षयरोगावरील औषधांचा वाटा मोठा असतो. पण आयसोनियाझिडने माणसात होणारी इजा हुबेहूब दाखवणारा प्राणी मिळवणे कठीणच ठरले आहे. गुळवेलीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये कार्बन टेट्राक्लोराइडने यकृत बिघडवलेल्या उंदरांवर गुळवेलीचा संरक्षक गुण अभ्यासला. त्याच मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये, करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृताच्या इजेची नोंद केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. एका विशिष्ट विषापासून उंदराला वाचवणारी वनस्पती प्रत्येक माणसाला मानवेलच, हे उंदीर सांगू शकत नाही.

पॅरासिटामॉलपासून बनणारा तो क्षणजीवी विषारी पदार्थ प्रत्यक्ष पकडण्यात संशोधकांना यश आले ते १९८० च्या दशकात. ब्रॉडी तेव्हा हयात होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिल येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.